सारखे दिसणारे शब्द: ‘बदनाम’ आणि ‘बॅड नेम’

‘बदनाम’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि इतका मुरला की त्याला परका म्हणायला जीभ धजत नाही. इंग्रजीत तोच अर्थ सांगायला ‘बॅड नेम’ म्हणतात. दोन्ही एकापाठोपाठ उच्चारून पाहावेत. ध्वनी जवळजवळ तोच, अर्थही तोच, शब्दांचा क्रमसुद्धा तोच. दोघांचे मूळ एक असणार, यात शोधायचे काय राहिले, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात या जोडीचा अर्धा भाग सख्ख्या नात्याचा आहे आणि अर्धा निव्वळ योगायोगाचा. ‘नाम’ आणि ‘नेम’ ही एकाच मूळ शब्दाची रूपे आहेत. ‘बद’ आणि ‘बॅड’ यांचा मात्र एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. हे कशावरून ठरवायचे, हा पुढच्या पानांचा विषय आहे, आणि प्रस्तावनेत त्याची रीत एकदा सावकाश दाखवावी असे मला वाटते.

‘नाम’चे नाते सांगणे सोपे आहे. संस्कृतात ‘नामन्’, पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तेत, ‘नामन्’, लॅटिनमध्ये ‘नोमेन’, गॉथिकमध्ये ‘नमो’, जुन्या इंग्रजीत ‘नम’. या भाषांचे हाती असलेले जुन्यात जुने लेखन घेतले तरी ‘न’ आणि ‘म’ ही दोन व्यंजने जागची हलत नाहीत. शिवाय जितके मागे जावे तितकी ही रूपे एकमेकांच्या जवळ येतात. सख्ख्या नात्याची खूण हीच असते. आज सारखे दिसणे हा दुबळा पुरावा. हजार वर्षांपूर्वी अधिक सारखे असणे हा भक्कम पुरावा.

‘बद’ आणि ‘बॅड’ यांना असेच मागे नेले की उलटे घडते. आजच्या फारसीतला ‘बद’ इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेत ‘वद’ होता. शब्दाच्या आरंभीच्या जुन्या ‘व’चा फारसीत अनेक ठिकाणी ‘ब’ झाला आहे. संस्कृतातला ‘वात’ फारसीत ‘बाद’ होतो. गझला ऐकणाऱ्यांना ‘बाद-ए-सबा’ ओळखीची असते, त्यातला ‘बाद’ म्हणजे वारा. संस्कृत ‘विंशति’ तिथे ‘बीस्त’ आहे. ‘बहार’ पहलवीत ‘वहार’ होती आणि पाऊस या अर्थाचा ‘बारान’ हा ‘वारान’ होता. ‘बद’ याच रांगेतला. म्हणजे ज्या ‘ब’मुळे तो ‘बॅड’सारखा दिसतो, तो ‘ब’च मुळात उशिरा आलेला आहे.

आता इंग्रजी बाजू. तिथे ‘बॅड’ हा शब्द तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लेखनात जवळजवळ दिसतच नाही. त्याआधी वाईट म्हणायचे तर ‘ईव्हल’चे जुने रूप वापरत. जर्मन, डच किंवा स्कँडिनेव्हियन भाषांत ‘बॅड’चा त्याच अर्थाचा भाऊबंद मिळत नाही, त्यामुळे त्याचे मूळ नेमके कोणते यावर आजही वाद आहे. बायकी समजल्या जाणाऱ्या पुरुषाला हिणवण्यासाठी जुन्या इंग्रजीत ‘बॅडेल’ असा शब्द होता, त्यातून तो आला असावा असे काही अभ्यासक मानतात. हे खरे असो वा नसो, आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यावर अडून नाही. इंग्रजी शब्दाच्या आरंभी जुना ‘ब’ असेल तर संस्कृतात त्या जागी बहुधा ‘भ’ सापडतो. ‘ब्रदर’ला ‘भ्रातृ’, भुवईच्या ‘ब्राउ’ला ‘भ्रू’, वाहून नेण्याच्या ‘बेअर’ला ‘भृ’, असण्याच्या ‘बी’ला ‘भू’. म्हणून ‘बॅड’चा कोणी प्राचीन पूर्वज असलाच तर त्याच्या तोंडी इराणकडे ‘ब’ असायला हवा, आणि पहलवी तर ‘व’ दाखवते. दोन्ही वाटा मागे कुठेच एकत्र येत नाहीत. मराठीच्या आतसुद्धा ‘बद’ दिसला की तो फारसी ‘बद’ असेलच असे नाही: ‘बदल’ अरबी आहे, ‘बदाम’ आणि ‘बदक’ फारसीतून आले, पण त्यांतल्या कशातही वाईटपणा नाही.

याच तऱ्हेची दुसरी जोडी मला याहून मोलाची वाटते. ‘जीव गेला तरी बेहत्तर’ असे आपण म्हणतो. हा ‘बेहत्तर’ म्हणजे फारसीतला ‘बेहतर’, अर्थ ‘अधिक चांगले’. मराठीत तो ‘अधिक चांगले’ पासून ‘हरकत नाही, होऊ दे’ इथपर्यंत येऊन पोचला, कारण माघार घेण्यापेक्षा जीव गेलेला बरा, अशाच वाक्यात तो पुन्हा पुन्हा वापरला गेला. आता त्याच्या शेजारी इंग्रजी ‘बेटर’ ठेवा. इथेही ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो, आणि शेवटचा ‘र’सुद्धा जुळतो.

फारसी ‘बेहतर’चे दोन तुकडे पडतात: ‘बेह’ आणि ‘तर’. ‘बेह’ पहलवीत ‘वेह’ होता, अवेस्तेत ‘वह्यह्’, आणि ऋग्वेदाच्या संस्कृतात त्याचा जुळा म्हणजे ‘वस्यस्’, चांगला या अर्थाच्या ‘वसु’चे तुलनेचे रूप. याच ‘वसु’चे ‘सर्वांत चांगला’ असे रूप ‘वसिष्ठ’. अवेस्तेत तेच रूप ‘वहिश्त’ असे आहे. सर्वोत्तम लोक म्हणून स्वर्गालाही ते नाव मिळाले आणि आजच्या फारसीत ते ‘बहिश्त’ झाले. म्हणजे मराठी माणूस ‘बेहत्तर’ म्हणतो तेव्हा तो नकळत वसिष्ठ ऋषींच्या नावातलाच धातू उच्चारत असतो. ‘बेटर’ या कुळातला नाहीच. तो जर्मानिक भाषांतल्या ‘बत’ या अंगापासून आला; संस्कृत ‘भद्र’शी त्याचे नाते काही अभ्यासक जोडतात, ‘वसु’शी कोणी जोडत नाही.

शेवटच्या ‘र’चे काय? फारसीतला ‘तर’ म्हणजे संस्कृतातला ‘तर’च, ज्याच्यावरून आपण ‘तरतमभाव’ म्हणतो. इंग्रजी ‘बेटर’मधला ‘ट’ मात्र मूळ शब्दाचा आहे, प्रत्ययाचा नाही, आणि त्यामागचा ‘अर’ हा एके काळी ‘स’ होता. तो संस्कृतातल्या ‘ईयस्’ या प्रत्ययाचा, म्हणजे ‘गरीयस्’, ‘वस्यस्’ यांच्या शेपटीचा नातलग आहे. तसेच इंग्रजी ‘बेस्ट’मधला ‘स्ट’ हा ‘वसिष्ठ’, ‘श्रेष्ठ’, ‘ज्येष्ठ’ यांच्यातल्या ‘इष्ठ’चा भाऊ. तेव्हा ‘बेटर’ आणि ‘बेहत्तर’ यांचा जो भाग जुळतो असे कानाला वाटते तो जुळत नाही, आणि जो जुळतो तो कानाला ऐकूच येत नाही. व्युत्पत्तीच्या अभ्यासातला खरा आनंद मला इथे सापडतो, आणि तो वाचकाला मिळावा म्हणूनच हे सारे लिहिले आहे.

शब्दांच्या साम्याकडे पाहण्याची ही शिस्त अचानक आली नाही, आणि तिच्या पहिल्या खुणांपैकी दोन गोव्यात आहेत. इंग्लंडहून आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. मराठी वाचकाला ते ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून माहीत आहेत, ते पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यांनी १५८३ मध्ये आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनच्या घडणीशी जवळीक दाखवते असे नोंदवले आहे. त्यांनी चार शब्दांचे ध्वनी जुळवून दाखवले नाहीत, भाषेच्या रचनेकडे बोट दाखवले. साष्टीच्या लोकांची भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिणाऱ्या माणसाची ती दृष्टी होती. त्याच दशकात फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी कोचीन आणि गोव्यात राहिला आणि १५८८ मध्ये गोव्यातच वारला. त्याने इटालियन आणि संस्कृत शब्दांच्या जोड्या मायदेशी लिहून कळवल्या: सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, ‘सर्प’ आणि ‘सेर्पे’, ‘देव’ आणि ‘दिओ’. त्याच्या या सगळ्या जोड्या पुढे खऱ्या ठरल्या. त्या काळी मात्र दोघांच्या निरीक्षणांवर काही अभ्यास उभा राहिला नाही. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी फेब्रुवारी १७८६ मध्ये भाषण केले आणि संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या धातूंत आणि व्याकरणाच्या रूपांत दिसणारे साम्य योगायोगाचे असू शकत नाही असे सांगितले, तेव्हा कुठे या चर्चेला धार आली.

नियम हाती आले ते एकोणिसाव्या शतकात. डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये दाखवून दिले की या भाषांतले ध्वनी वाटेल तसे बदलत नाहीत, ठरलेल्या रीतीने बदलतात. त्यांतला आपल्या कामाचा एक धागा असा: संस्कृतात जिथे मूळचा ‘द’ आहे तिथे इंग्रजीत ‘ट’ येतो. ‘द्वि’ला ‘टू’, ‘दश’ला ‘टेन’, ‘दन्त’ला ‘टूथ’, झाड या अर्थाच्या ‘द्रु’ला ‘ट्री’, ‘दम्’ला ‘टेम’. आता ‘दिन’ आणि ‘डे’ ही जोडी घ्या. शाळेतल्या मुलालाही ती एकाच घरची वाटते. पण सख्खी असती तर इंग्रजी शब्द ‘ट’ने सुरू व्हायला हवा होता. जुन्या इंग्रजीत ‘डे’च्या शेवटी ‘ग’ होता, गॉथिकमध्ये तो ‘दग्स’ आणि जर्मनमध्ये आजही ‘टाग’ आहे. ‘दिन’ ज्या चमकण्याच्या ‘दिव्’ धातूच्या कुळातला आहे त्यात हा ‘ग’ कुठेच नाही. त्या कुळाचा इंग्रजीतला वारस वेगळ्याच जागी राहतो. ‘देव’ शब्दाचा जर्मानिक भाऊ म्हणजे ‘टिउ’ नावाचा देव, आणि त्याच्या नावाचा वार म्हणजे ‘ट्यूजडे’. नियमाप्रमाणे ‘द’चा ‘ट’ झालेला आहे.

इथे चौकस वाचक मला अडवील. ‘द्वार’ आणि ‘डोअर’? ‘दुहितृ’ आणि ‘डॉटर’? ‘द’ला ‘ड’ जुळतो आहे, आणि हे शब्द तर सख्खे मानले जातात. शंका रास्त आहे आणि तिचे उत्तरही आहे. या दोन्ही शब्दांत मुळात ‘ध’ होता. ग्रीकमधली ‘थुरा’ आणि ‘थुगातेर’ ही रूपे त्याची साक्ष देतात. ‘दुहितृ’मध्ये ‘ध’ आणि ‘घ’ असे दोन महाप्राण जवळ जवळ होते, आणि संस्कृताला असे दोन महाप्राण लागोपाठ चालत नाहीत, पहिल्याचा ह-कार जातो. हेरमान ग्रासमान यांनी हा नियम १८६३ मध्ये मांडला. ‘घ’चे उरलेले अंग ‘दुहितृ’मधल्या ‘ह’मध्ये अजून दिसते. ‘द्वार’च्या बाबतीत दोन फळ्यांच्या दारामुळे ‘द्वि’ शब्दाची छाया पडली असावी असा अभ्यासकांचा कयास आहे. अपवाद असला तर त्यालाही कारण मागायचे, हा या शास्त्राचा बाणा आहे.

योगायोग किती दूरपर्यंत जाऊ शकतो याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. क्वीन्सलंडच्या उत्तर भागातली म्बाबरम ही आदिवासी भाषा बोलणारे अगदी थोडे लोक उरले होते. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन ती नोंदवायला गेले. तिथल्या एका वृद्धाने त्यांना सुरुवातीलाच जो शब्द सांगितला तो कुत्र्यासाठी होता, आणि तो होता ‘डॉग’. इंग्रजांच्या वस्तीमुळे शब्द उसना आला, असे म्हणून कोणीही वही मिटली असती. पण शेजारच्या यिदिञ भाषेत कुत्र्याला ‘गुडगा’ म्हणतात. म्बाबरममध्ये शब्दाचे पहिले अक्षर गळते, आरंभीच्या ‘ग’मुळे पुढच्या अक्षरातला ‘अ’ हा ‘ओ’सारखा होतो, आणि शेवटचा स्वरही जातो. हे बदल त्या भाषेच्या इतर शब्दांतही दिसतात. ‘गुडगा’ला ते लावले की ‘डॉग’ उरतो. इंग्रजीशी त्याचे काही देणेघेणे नाही. शब्द तोच, अर्थ तोच, आणि दोन्ही आपापल्या जागी स्वतंत्रपणे घडलेले.

सारखेपणाचे तिसरे कारण म्हणजे प्रवास. ‘साखर’ आणि ‘शुगर’ सारखे दिसतात ते नातेवाईक म्हणून नव्हे, एकच शब्द माल घेऊन हिंडला म्हणून. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ झाली, अरबीत ‘सुक्कर’, तिथून भूमध्य समुद्राच्या काठाने युरोपात गेली. आपली ‘साखर’ प्राकृतातल्या ‘सक्करा’तून घरच्या घरी आली. तीच ‘शर्करा’ मलबारात पोर्तुगीजांच्या कानी पडली आणि तिचे पुढे इंग्रजीत ‘जॅगरी’ झाले, म्हणून गूळ आणि साखर यांची इंग्रजी नावे एकाच शब्दाची दोन टोके आहेत.

पोर्तुगीजांचा विषय निघाला म्हणून ‘पाव’. बेकरीतला पाव हा पोर्तुगीज ‘पांव’, लॅटिन ‘पानिस’चा वंशज. पावकिलोतला पाव हा संस्कृत ‘पाद’, चौथा भाग. दोन्ही मराठीत येऊन अक्षर न अक्षर एक झाले, आणि मग लोकांनी त्यांची सांगड घालायला कथा रचल्या: लादीचे चार भाग करतात म्हणून पाव, किंवा पीठ पायांनी तुडवतात म्हणून पाव. दुसऱ्या कथेने गोव्यातल्या आणि मुंबईतल्या पाववाल्यांना उगाच बट्टा लावला. ‘अब्रू’चे असेच. आपली अब्रू, जिची नुकसानी झाली की खटला भरतात, ती फारसीत ‘आबरू’ आहे, म्हणजे चेहऱ्याचे पाणी. मराठीने पहिला स्वर ऱ्हस्व केला आणि ती फारसीतल्या भुवईसारखी, ‘अब्रू’सारखी दिसू लागली, ती भुवई मात्र संस्कृत ‘भ्रू’ची सख्खी बहीण. तबला शिकणाऱ्या मराठी मुलाला तालातली ‘खाली’ म्हणजे खालची जागा वाटते. ती अरबीतली ‘खाली’ आहे, रिकामी, कारण तिथे बायाचा भरलेला नाद थांबतो.

मूळ एकच आणि अर्थ मात्र दूर गेलेले, असेही शब्द आहेत, आणि आपल्या देशात त्यांचा त्रास रोजचा आहे. केंद्राच्या खात्याचे नाव २०२० मध्ये ‘शिक्षा मंत्रालय’ झाले. मराठी वर्तमानपत्रे ते ‘शिक्षण मंत्रालय’ असे छापतात, आणि बरोबर करतात. ‘शिक्षा’ हे ‘शक्’ धातूचे इच्छादर्शक रूप, समर्थ होण्याची इच्छा, म्हणून शिकणे. सहा वेदांगांत ‘शिक्षा’ हे उच्चारशास्त्राचे नाव आहे, म्हणजे आपण इथे जे ध्वनींचे बोलणे चालवले आहे त्याचेच. हिंदी आणि बंगालीने शिकण्याचा अर्थ राखला. मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू आणि मलयाळम यांनी दंडाचा अर्थ धरला, आणि तोही उपरा नाही, संस्कृतात तो सापडतो. ‘धडा शिकवला’ असे आपण आजही म्हणतो, त्यातली वाट हीच. याहून टोकाचे उदाहरण ‘देव’चे. आपल्याकडे पूज्य, तर अवेस्तेत ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती, आणि शाहनाम्यातल्या रुस्तमाने मारलेला पांढरा ‘दीव’ हा राक्षस. शब्द एक, दोन समाजांनी त्याला दिलेली जागा उलट. आणि लॅटिन ‘देउस’ ज्याच्या सख्ख्या नात्यातला आहे, त्याच ‘देव’शी देववाचक ग्रीक ‘थिऑस’चे नाते लागत नाही, ‘देउस’ आणि ‘थिऑस’ ख्रिस्ती प्रार्थनेत शेजारी शेजारी आले तरी.

हे सर्व इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण आहे. ऑस्ट्रेलिया म्हणजे ‘अस्त्रालय’, व्हॅटिकन म्हणजे ‘वाटिका’, असे लेख आणि संदेश मराठीत फिरत असतात, आणि शिकलेली माणसे ते अभिमानाने पुढे धाडतात. ऑस्ट्रेलिया हे नाव लॅटिनमधल्या ‘दक्षिणेकडचा’ या अर्थाच्या शब्दावरून पडले आणि मॅथ्यू फ्लिंडर्स यांच्या १८१४ च्या प्रवासग्रंथानंतर रूढ झाले. त्याआधी कोणत्या संस्कृत ग्रंथात ‘अस्त्रालय’ या नावाचा भूभाग आहे, हा साधा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याने स्वतःला विचारलेला नसतो. सोयरीक जुळवताना चेहरा पाहून कुळी ठरवत नाहीत, वंशावळ विचारतात. शब्दांना ती विचारायला नको असे का मानावे? मला या लेखांचे दुःख होते ते संस्कृतवरच्या प्रेमापोटी. ज्या भाषेच्या नियमबद्ध रूपांमुळे साऱ्या जगाला भाषांची कुळे ओळखता आली, तिच्या नावावर अशी ओढाताण खपवणे हा तिचा अपमान आहे. वसिष्ठ आणि बेहत्तर यांचे खरे नाते ‘अस्त्रालया’पेक्षा कितीतरी विलक्षण आहे.

आपल्या परंपरेत व्युत्पत्तीचा सैलपणा यास्कांपासून आहे, असे काही जण म्हणतात. यास्कांनी निरुक्तात एखाद्या अक्षराच्या वा वर्णाच्या साम्यावरूनही शब्दाची फोड करावी, पण फोड केल्याशिवाय राहू नये, असे सांगितले आहे हे खरे. पण त्यांच्यापुढे काम होते ते मंत्रांचा अर्थ लावण्याचे, आणि त्यासाठी त्यांनी अर्थाला पहिला मान दिला. दोन दूरच्या भाषांचे नाते सिद्ध करण्यासाठी त्यांचा आधार घेणे म्हणजे त्यांनी न केलेला दावा त्यांच्या तोंडी घालणे होय.

मराठीपुरते बोलायचे तर साधने आहेत. मोल्सवर्थचा कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, अजूनही पहिल्यांदा उघडावा असा आहे. फारसी शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा ‘फार्शी-मराठी कोश’, मुळांसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’, आणि झ्यूल ब्लोक यांचा मराठीच्या जडणघडणीवरचा फ्रेंच ग्रंथ, जो वासुदेव गोपाळ परांजपे यांनी मराठीत आणला. यादवकाळातल्या शब्दांसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९ चा कोश आहे. हे सगळे मोजक्या माणसांच्या कष्टांतून झाले. जे अजून झाले नाही ते म्हणजे प्रत्येक मराठी शब्द कोणत्या साली, कोणत्या वाक्यात, कोणत्या अर्थाने आला हे क्रमवार दाखवणारी नोंद. ‘बॅड’ तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत लेखनात जवळजवळ नव्हता हे ठामपणे म्हणता येते, कारण इंग्रजांनी पिढ्यान्‌पिढ्या ती नोंद ठेवली. ‘बेहत्तर’चा अर्थ मराठीत ‘अधिक चांगले’ पासून ‘होऊ दे’ पर्यंत कोणत्या दशकात सरकला, हे तितक्या ठामपणे सांगायला तारखा हव्यात.

त्या तारखा कागदांत आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत, आणि कोकणातल्या, देशावरच्या, तंजावरच्या आणि बडोद्याच्या कितीतरी घरांतल्या मोडी पत्रांत, वहीखात्यांत, वाटणीपत्रांत आहेत. तुमच्या घरी असा कागद असेल आणि मोडी वाचणारे कोणी जवळ असेल, तर त्यातला एखादा फारसी, पोर्तुगीज किंवा कानडी वळणाचा शब्द, तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य, कागदाची तारीख आणि गावाचे नाव उतरवून ठेवा. शब्दाचे रूप सुधारू नका, जसे लिहिले आहे तसेच घ्या. आणि ते प्रकाशकांकडे पाठवा. पुढच्या आवृत्तीत त्या शब्दाखाली तुमच्या कागदाची तारीख छापली जाईल.